सरलेलं वर्ष लिहून कसं काढायचं: प्रवास, मैत्री आणि काम

वर्ष संपत आलं की डोक्यात एक वाक्य तयारच असतं, "यंदा भारी गेलं" नाहीतर "यंदाचं वर्ष वायाच गेलं", आणि ते वाक्य एकदा बसलं की पुढचं सगळं आपण त्याच्याच मापाने आठवत राहतो. माझंही तसंच झालं. ज्या प्रोजेक्टवर मी सात महिने राबले होते तो वर्षाच्या शेवटी बंद झाला आणि मी भेटेल त्याला सांगत सुटले की यंदा काही झालंच नाही. मग एका रविवारी फोनचं स्टोरेज भरलं म्हणून फोटो डिलीट करायला बसले आणि तीन तास तिथेच गेले. चार प्रवास, मिळून तेवीस दिवस. एका मैत्रिणीने पहिल्यांदा मनातलं बोललेली एक दुपार. कामात मार्चपर्यंत जे अजिबात जमत नव्हतं ते जूनमध्ये मी दुसऱ्यांना शिकवत होते त्याचे स्क्रीनशॉट. यातलं काही विसरले होते असं नाही, पण वर्षाचा हिशोब करताना धरलंच नव्हतं.

तेव्हापासून मी वर्षाबद्दल नुसतं आठवणीवर लिहीत नाही, आधी पुरावे गोळा करते आणि मगच लिहायला बसते. ते कसं करायचं ते इथे सांगते. दोन दिवस हवेत, मध्ये किमान एक रात्र जाऊ द्या. पहिल्या दिवशी फक्त शोधायचं, दुसऱ्या दिवशी लिहायचं. दोन्ही एकाच बैठकीत केलं तर शोधता शोधताच मन निकाल द्यायला लागतं आणि मग निकालाला सोयीचं तेवढंच सापडतं, हे मी स्वतः दोनदा करून बघितलंय.

आठवणीवर का विसंबायचं नाही ते आधी सांगते, कारण हे कळलं की पुढची सगळी खटपट का करायची ते पटतं. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला होता. लोकांना एक हात १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद धरायला लावला. मग दुसरा हात तसाच ६० सेकंद आणि त्यावर आणखी ३० सेकंद, फक्त त्या वाढीव वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं, म्हणजे गारच पण जरा बरं. नंतर विचारलं, यातलं परत काय कराल? बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. म्हणजे किती वेळ सोसलं हे मन फारसं मोजतच नाही, सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट एवढंच धरून ठेवतं. ज्याचा शेवट गोड ते सारंच गोड म्हणतो ना आपण, ते उलटंही तितकंच खरं, शेवटचे सहा आठवडे कडू गेले की आधीचे साडेदहा महिनेही कडू वाटायला लागतात.

तर आता पहिला दिवस. एक वही घ्या, बारा पानांवर बारा महिन्यांची नावं लिहा आणि फोन जवळ ठेवा. वहीच घ्या असं माझं मत आहे, कारण फोनमध्ये शोधायचं आणि फोनमध्येच लिहायचं म्हणजे मधेच कुठला तरी मेसेज येतो आणि गाडी भलतीकडे जाते.

सुरुवात फोटोंपासून करा, पण चांगल्या फोटोंपासून नको. जे फोटो आपण कुठे टाकले, लोकांना दाखवले, ते आधीच हजारदा बघून झालेत, त्यात नवीन काही निघत नाही. बघायचे ते हललेले, चुकून काढलेले, एकाच गोष्टीचे सात सात काढून तसेच राहिलेले. फोटोच्या माहितीत तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही असते, ती बघून त्या त्या महिन्याच्या पानावर एक ओळ टाका. एक काळजी घ्या, दुसऱ्याने मेसेजमधून पाठवलेला फोटो तुमच्या गॅलरीत तो आला त्या दिवशीचा म्हणून दिसतो, काढला त्या दिवशीचा नाही, कारण व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्यातली मूळ तारीख आणि जागा निघून जाते. त्यामुळे एप्रिलच्या ट्रिपचे मित्राने मे मध्ये पाठवलेले फोटो मे मध्येच पडून असतात आणि आपण गोंधळतो.

मग स्क्रीनशॉट. हे कुणी बघत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वर्ष इथेच सापडतं. फोटो आपण काय दिसलं त्याचा काढतो, स्क्रीनशॉट काय सोडवत नव्हतं त्याचा. माझ्याकडे फेब्रुवारीतले अकरा स्क्रीनशॉट निघाले, सगळे एकाच एररचे, आणि त्या पंधरवड्यात मी रात्री किती वाजेपर्यंत जागी होते ते वरच्या कोपऱ्यातल्या घड्याळात स्वच्छ दिसत होतं.

त्याच्या मागोमाग अलार्मची यादी उघडा. हसू नका, खरंच उघडा. पहाटे निघायचं असतं तेव्हा लावलेले अलार्म आपण बंद करतो, पुसत नाही. माझ्या यादीत ३:५०, ४:०५ आणि ४:१५ असे तीन ओळीने पडून होते, तिसऱ्यावर नाव होतं, "आता उठच, ती खाली उभी असेल". ते वाचल्यावर त्या पहाटेचा जिना, बॅगेचं चाक अडकलं ती पायरी, खाली अंधारात मोबाईलचा उजेड चेहऱ्यावर घेऊन उभी असलेली मैत्रीण, सगळं डोळ्यासमोर आलं. गॅलरीत त्या पहाटेचा एकही फोटो नव्हता.

बाकीचं भराभर उरकता येतं. मेलमध्ये तिकीट, बुकिंग, कन्फर्म असे शब्द सर्च करा, प्रवासांची यादी हातात येते. बँकेचं स्टेटमेंट वरवर चाळा, रकमा सोडून द्या, फक्त कुठे होतो ते बघा. कॅलेंडर महिन्याच्या व्ह्यूमध्ये बघा म्हणजे गच्च महिने आणि रिकामे महिने एका नजरेत कळतात. व्हॉइस मेसेज जुने असतील तर तेही ऐका, आवाजात जे असतं ते टाईप केलेल्यात येत नाही.

वहीत लिहिताना निष्कर्ष लिहू नका, नुसतं काय झालं, कोण होतं, कुठे होतं एवढंच. विलेम वागेनार नावाचे डच मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७८ पासून सहा वर्षं रोजच्या घटना टिपून ठेवल्या, काय, कोण, कुठे आणि कधी अशा चार भागांत, आणि मग स्वतःचीच परीक्षा घेतली की कुठला धागा दिला की बाकीचं आठवतं. १९८६ मध्ये त्यांनी ते छापलं. "काय झालं" हा धागा सगळ्यात कामाचा ठरला, "कोण" आणि "कुठे" त्याच्या मागे, आणि नुसती तारीख दिली तर जवळपास काहीच आठवेना. म्हणून तारीख पान ठरवण्यापुरती ठेवा, तिच्यात अडकू नका, "१७ ऑगस्ट" लिहून पुढच्या वर्षी काही डोळ्यासमोर येणार नाही, "बूट वाळत घातले होते ती दुपार" लिहिलं तर येईल.

त्या बुटांचं सांगतेच, कारण प्रवास कसा लिहायचा ते त्यावरून कळेल. आम्ही चौघी पाच दिवस डोंगरात गेलो होतो. माझ्या डोक्यात ती ट्रिप "फसलेली" म्हणून नोंदली गेली होती, शेवटच्या दिवशी पाऊस, बस चुकली, त्यावरून थोडी वादावादी, आणि परत येताना कुणी कुणाशी धड बोललं नाही. पण तिसऱ्या दिवसाचा, दुपारी ४:२० चा एक हललेला फोटो निघाला. खिडकीच्या कठड्यावर चार जोड बूट, आत कागदाचे बोळे कोंबलेले, एका बुटाची लेस खाली लोंबतेय आणि तिच्या टोकावर पाण्याचा एक थेंब, खाली पडायच्या बेतात. आणि त्याच्या आठ मिनिटं आधीचा मैत्रिणीचा अकरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज, "अगं, झालं का? ऊन पडलंय, खाली ये ना." खाली गेल्यावर तिने सांगितलं होतं की ती नोकरी सोडायचं ठरवतेय, अजून घरी कुणाला बोललेली नाहीये. तास दीड तास आम्ही त्या ओल्या पायऱ्यांवर बसून होतो. मग ट्रिप फसली कशी म्हणायची?

म्हणून प्रत्येक प्रवासाला मी दोनच गोष्टी लिहिते. एक, मधल्या कुठल्यातरी दिवसाची एक साधी दुपार, जिला काही नाव नाही, जी कुठल्याच प्लॅनमध्ये नव्हती. शेवटचा दिवस आपोआप लक्षात राहतो, त्याला मदत लागत नाही. दोन, त्या प्रवासात माझ्यासोबत कोण होतं आणि परत आल्यावर त्या माणसाशी माझं बोलणं वाढलं का कमी झालं. कुठे गेलो, किती किलोमीटर, किती ठिकाणं बघितली याची यादी करायला हरकत नाही पण ती वर्षभराने वाचताना काहीच हलत नाही आत. एकट्याने केलेला प्रवास असेल तर दुसऱ्या प्रश्नाच्या जागी लिहा की पोचल्यावर पहिला फोन किंवा मेसेज कुणाला केला. त्यात बरंच काही कळतं.

आता मैत्री. इथे जरा हळू जा, कारण इथे मन दुखावू शकतं. वहीच्या मागच्या पानावर वर्षभरात जी जी माणसं पुराव्यांत दिसली त्यांची नावं लिहा, नुसती आठवून नाही, दिसली ती. मग ज्यांना तुम्ही जवळचे म्हणता पण यादीत आलीच नाहीत ती वेगळी लिहा. माझ्या दुसऱ्या यादीत तीन नावं होती आणि पहिलं नाव लिहिताना हात थांबला होता.

वेळेचा हिशोबही डोळे उघडणारा आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेलं गणित असं आहे की नुसत्या ओळखीचा साधा मित्र व्हायला साधारण ५० तास सोबत जावे लागतात, मित्र म्हणायला ९०, आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून जास्त. आणि ऑफिसात शेजारी बसून काम करण्यात गेलेले तास त्यात तितकेसे मोजले जात नाहीत, गप्पा, हुंदडणं, एकत्र रिकामं बसणं हे मोजलं जातं. हे वाचल्यावर मला दोन गोष्टी कळल्या. पाच दिवसांच्या एका प्रवासात झोपेचे तास सोडले तरी साठ सत्तर तास सहज होतात, म्हणजे वर्षभराच्या भेटीगाठींनी जे झालं नसतं ते एका आठवड्यात होतं. आणि ज्यांच्यासोबत मी रोज आठ तास बसते त्यांच्यातल्या दोघींबद्दल मला त्यांच्या कामाखेरीज काही माहीत नाही.

दुसऱ्या यादीतल्या नावांचं काय करायचं? लिहून सोडून देऊ नका, त्यांच्याशी झालेलं शेवटचं चॅट उघडा आणि शेवटचा मेसेज कुणाचा आहे ते बघा. माझ्या पहिल्या नावाच्या चॅटमध्ये शेवटचा मेसेज माझाच होता, "उद्या नक्की फोन करते". आठ महिने झाले होते त्या उद्याला. भांडण नाही, गैरसमज नाही, नुसतं राहून गेलं, आणि जितकं राहत गेलं तितकं आता काय तोंडाने करायचा असं वाटत गेलं. पेगी लिऊ या संशोधिकेचा आणि सहकाऱ्यांचा २०२२ चा अभ्यास याच गोष्टीवर आहे, त्यात दिसलं की अचानक आठवण काढून केलेला मेसेज समोरच्याला किती आवडेल याचा अंदाज आपण नेहमी कमीच लावतो, आणि मेसेज जितका अनपेक्षित तितका तो जास्त भावतो. मी लांबलचक माफी वगैरे लिहिली नाही, एवढंच लिहिलं, "मी उद्या फोन करते म्हणाले होते, आज करू का?" तिने स्वतःच फोन केला, चार मिनिटांत.

तुमच्या यादीतल्या प्रत्येकाला असं लिहायलाच हवं असं अजिबात नाही. काही मैत्र्या संपलेल्या असतात आणि तेही वर्षाचाच भाग आहे. तेव्हा वहीत सरळ लिहा की ही मैत्री यंदा संपली, आणि तिच्यातली एक चांगली आठवणही सोबत लिहा. दोष कुणाचा ते लिहायची गरज मला तरी वाटत नाही.

कामाचं लिहिताना बहुतेक लोक अप्रेझलच्या फॉर्मसारखं लिहितात, काय पूर्ण केलं, काय मिळवलं. तो फॉर्म वेगळा भरा. इथे सेंटचं फोल्डर उघडा, तुम्ही पाठवलेले मेल, आणि दर महिन्यातले चार पाच वाचा. ऑफिसचं काही स्वतःच्या फोनवर कॉपी करून घेऊ नका, नुसतं वाचा आणि आपल्या शब्दांत एक ओळ लिहा. जानेवारीत मी ज्या गोष्टीसाठी तीन परिच्छेद लिहून परवानगी मागत होते ती सप्टेंबरमध्ये दोन ओळीत कळवून मोकळी होत होते, आणि हा बदल कधी झाला ते मला कळलंही नव्हतं. टेरेसा अमाबिले या हार्वर्डच्या संशोधिकेने सात कंपन्यांमधल्या २३८ लोकांच्या जवळपास १२,००० रोजच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यात लोकांचे चांगले गेलेले दिवस बघितले तर सगळ्यात जास्त वेळा एकच गोष्ट निघाली, महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामात थोडं का होईना पुढे सरकणं. बक्षीस, कौतुक हे त्याच्या मागे. म्हणून "काय संपवलं" याऐवजी "काय सरकलं" असा कॉलम करा. माझा बंद पडलेला प्रोजेक्ट पहिल्या कॉलममध्ये शून्य होता, दुसऱ्यात त्याच्या अडीच पानं नोंदी झाल्या.

आणि जो निर्णय चुकला असं आता वाटतंय, त्याच्याबद्दल लिहिताना तेव्हाचं चॅट किंवा मेल समोर ठेवूनच लिहा. १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत युनियनला जाणार होते, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्राच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना आधीच विचारून ठेवलं होतं की तिथे काय काय घडेल असं वाटतं. दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा काय अंदाज दिला होता ते आठवून सांगा. जे घडलं त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती असं त्यांना आठवायला लागलं होतं. आपलंही तेच होतं, प्रोजेक्ट बंद झाल्यावर मी म्हणत होते की मला पहिल्यापासून दिसतच होतं. एप्रिलमधलं माझंच चॅट सांगत होतं की मला काहीही दिसत नव्हतं, मी मनापासून खूश होते आणि हे नक्की होणार असं लिहीत होते. ते वाचून स्वतःवरचा राग बराच उतरला. एप्रिलमध्ये जेवढं माहीत होतं तेवढ्यावर तो निर्णय बरोबरच होता.

दुसरा दिवस लिहायचा. वही एकदा पहिल्या पानापासून वाचून काढा आणि जिथे प्रवास, मैत्री आणि काम यातल्या दोन गोष्टी एकमेकींना शिवतात तिथे खूण करा. कामासाठी गेलात आणि जुना मित्र भेटला, ऑफिसातली ओळख प्रवासात मैत्री झाली, कामाच्या टेन्शनमुळे ठरलेली भेट रद्द केली, असं काहीही. मला तरी असं दिसलंय की जे लिहिण्यासारखं असतं ते या खुणांच्याच आसपास असतं, तीन वेगळे भाग करून लिहिलं की ते निसटतं. सगळ्यात दाट खूण असेल तिथून सुरुवात करा, जानेवारीपासून नको. तुमच्या वर्षात जो होताच अशा एका माणसाला सांगताय असं समजून लिहा, म्हणजे भाषा आपोआप सरळ येते. एका बैठकीत वीस मिनिटं पुरे, मग उठा, फिरून या, परत बसा.

वर्षात काही जड घडलं असेल, कुणी गेलं असेल, नातं तुटलं असेल, तर ते शेवटी घ्या आणि वेगळ्या दिवशी घ्या. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या आयुष्यातल्या जखमेबद्दल लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिल्या लिहिल्या उलट जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत आजारी पडून आरोग्य केंद्रात जायचं प्रमाण त्यांचंच कमी राहिलं. म्हणून लिहून झाल्यावर लगेच हलकं वाटलं नाही तर आपलं काही चुकलं असं समजू नका. आणि वाटलं नाही लिहावंसं, तर नका लिहू, ते पान कोरं ठेवा, त्यावर फक्त महिन्याचं नाव असू दे.

दुसऱ्यांच्या गोष्टींबाबत एक पाळा. कुणी विश्वासाने सांगितलेलं असेल तर स्वतःच्या वहीत ठीक आहे, पण ते लिखाण कुणालाही दाखवायच्या आधी त्या माणसाला वाचायला द्या. बुटांच्या दुपारचं मी मैत्रिणीला विचारूनच लिहिलंय, आता तिने नोकरी सोडलीय आणि सगळ्यांना ठाऊकही आहे.

तिला विचारताना मी अजून एक केलं, माझं लिहिलेलं न दाखवता तिला म्हटलं की त्या दुपारबद्दल तुला आठवतं ते पाच ओळीत पाठव. हे जरूर करा, निदान एका तरी प्रसंगासाठी. तिने लिहिलं होतं, "तू वर खोलीत कॉलवर होतीस. मला सकाळपासून तुला सांगायचं होतं. मी दीड तास खाली पायऱ्यांवर बसून होते, दोनदा वाटलं राहू दे. मग ऊन पडलं म्हणून निमित्त मिळालं." मी कॅलेंडर उघडलं. त्या तारखेला २:३० ते ४:०० टीम कॉल लिहिलेला होता, पहिल्या दिवशी मी तो बघितलाही होता, पण कामाच्या ओळीत टाकून पुढे गेले होते. व्हॉइस मेसेज परत ऐकला. "अगं, झालं का?" हे तीन शब्द मी याआधी चार वेळा ऐकले होते आणि ते कशाबद्दल आहेत असा प्रश्न मला पडला नव्हता.

तिच्या पाच ओळी मी माझ्या पानाखाली तशाच उतरवून घेतल्या, खाली तिचं नाव लिहिलं, आणि ऑगस्टच्या पानावरची टीम कॉलची नोंद कामातून काढून त्या दुपारच्या शेजारी आणून ठेवली.